दीर्घिका एकमेकींत घुसतात तेव्हा ताऱ्यांचं आणि ग्रहांचं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवयानी दीर्घिका, म्हणजे आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा अवाढव्य समूह, आपल्या आकाशगंगेवर येऊन आदळणार असल्याचा व्हिडिओ तुमच्या मुलाने पाहिला आणि तेव्हापासून तो ‘मग सूर्य फुटणार का’ म्हणून विचारतो आहे. तुम्ही शोधाशोध केलीत, तर सगळीकडे एकच उत्तर मिळालं, की तारे एकमेकांवर आपटत नाहीत. त्यावर तुमची शंका अशी, की तारे आपटत नसतील तर मग आदळतं ते काय? आणि ताऱ्यांचं एक वेळ ठीक, पण पृथ्वीसारखे ग्रह आपापल्या सूर्यापासून सुटून भरकटणार नाहीत कशावरून?

ग्रहांबद्दल फारसं कुणी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पुण्यात असते आणि नारायणगावजवळच्या खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर काम करते. एकमेकींच्या ओढीत सापडलेल्या दीर्घिका आणि त्यांच्यातला हायड्रोजन वायू हा माझा रोजचा विषय आहे.

आधी उत्तर सांगून टाकते. तारे शाबूत राहतात. ग्रह आपल्या ताऱ्याला धरून राहतात. खरोखर आदळतो तो वायू. आणि उलथापालथ होते ती कक्षांची, म्हणजे कोणता तारा दीर्घिकेत कुठून कुठे फिरतो त्याची. मुलाची भीती ‘फुटण्याची’ आहे. प्रत्यक्षात फुटत काही नाही, पण घडी मात्र पार विस्कटते. ही विस्कटलेली घडी कोणत्या ग्रहाला महागात पडते आणि कोणत्या ग्रहाला तिचा पत्ताही लागत नाही, हे त्याचा तारा दीर्घिकेत कुठे आहे यावर ठरतं.

तारे का आपटत नाहीत, ते मापावरून लगेच पटतं. सूर्य मोहरीच्या दाण्याएवढा, म्हणजे दोन मिलिमीटरचा धरा आणि तो दाणा शनिवारवाड्यासमोर ठेवा. पृथ्वी त्याच्यापासून वीतभर अंतरावर येईल, तीही डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाएवढी. नेपच्यून साडेसहा मीटरवर; म्हणजे सगळे ग्रह एका बऱ्यापैकी मोठ्या दिवाणखान्यात मावले. आता सूर्यासारखा सगळ्यांत जवळचा तारा, मित्र नावाने आपण ज्याला ओळखतो तो अल्फा सेंटॉरी, त्याचा दाणा ठेवायला तुम्हाला लोणावळ्यापर्यंत जावं लागेल. दोन दाण्यांच्या मधे साठेक किलोमीटर मोकळी जागा. याच मापात आपली आकाशगंगा केवढी होते? चंद्राच्या अंतराच्या साडेतीन पट.

म्हणजे दोन ताऱ्यांमधलं अंतर त्यांच्या व्यासाच्या सुमारे तीन कोटी पट असतं. उलट देवयानी आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि आपल्या आकाशगंगेचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षांचा, म्हणजे अंतर व्यासाच्या फक्त पंचवीस पट. दीर्घिका आपल्या आकाराच्या मानाने एकमेकींच्या अगदी शेजारी आहेत आणि तारे आपल्या आकाराच्या मानाने भयंकर एकटे. म्हणून दीर्घिकांची गाठ पडणं ही विश्वातली नेहमीची घटना आहे आणि ताऱ्यांची गाठ पडणं अपवादाची.

‘आपटत नाहीत’ म्हणजे किती आपटत नाहीत, हा हिशेब मी नव्या विद्यार्थ्यांना फळ्यावर करायला लावते. सूर्याच्या आसपास आकाशगंगेच्या तबकडीतून आरपार भोक पाडत गेलं, तर साधारण सव्वातीन प्रकाशवर्षं लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनात काही डझन तारे लागतात. समोरून येणाऱ्या ताऱ्याची यातल्या एखाद्याशी टक्कर व्हायची तर त्याला दोन सूर्यव्यासांएवढ्या वर्तुळात नेम धरून यावं लागेल. ताऱ्यांच्या परस्पर ओढीमुळे हे वर्तुळ थोडं मोठं होतं, तेही धरा. उत्तर येतं ते असं, की एका ताऱ्याची टक्कर होण्याची शक्यता एक लाख कोटीत एकाच्या आसपास. आकाशगंगेत तारे आहेत दहा हजार ते चाळीस हजार कोटी. म्हणजे एका संपूर्ण आरपार फेरीत एखादी टक्कर झाली तर झाली. हा आकडा दीर्घिकेच्या बाहेरच्या, विरळ भागाला लागू आहे. केंद्राजवळ गर्दी फार असते आणि तिथला हिशेब वेगळा, त्याकडे पुढे येते.

इथे विद्यार्थी हमखास अडतात, आणि तुमचीही अडचण तीच आहे: सगळं इतकं विरळ असेल तर दोन्ही दीर्घिका एकमेकींतून आरपार जाऊन आपापल्या वाटेने का निघून जात नाहीत? एकत्र का येतात?

कारण गुरुत्वाकर्षणाला स्पर्श लागत नाही. एखादी दीर्घिका दुसरीतून जात असते तेव्हा तिचं वजन, कृष्णपदार्थाच्या (न दिसणाऱ्या, फक्त ओढीतून जाणवणाऱ्या पदार्थाच्या) अवाढव्य आवरणासकट, वाटेतल्या लाखो कोटी गोष्टींना आपल्याकडे ओढत जातं. ओढलेले तारे आणि कृष्णपदार्थ तिच्या मागच्या बाजूला दाटतात आणि तिला मागे खेचतात. दीर्घिकेच्या एकसंध पुढे जाण्यातली ऊर्जा अशी हळूहळू तिच्यातल्या ताऱ्यांच्या सैरावैरा फिरण्यात वाटली जाते. पहिल्या फेरीत त्या एकमेकींतून निघून जातात, पण वेग गमावून बसतात. मग लांब जाऊन थबकतात, परत येतात, पुन्हा एकमेकींतून जातात. दर खेपेला लांब जाण्याचं अंतर कमी होतं. शेवटी दोन तबकड्यांच्या जागी ताऱ्यांचा एकच गोळा उरतो, ज्यात कोण कुठला ते शोधायला खास अभ्यास करावा लागतो.

याचं पहिलं प्रात्यक्षिक मला अजूनही विलक्षण वाटतं. स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ साली, संगणक नसताना, दिवे वापरून हे करून पाहिलं. एका दीर्घिकेसाठी ३७ दिवे, दुसरीसाठी ३७. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो आणि गुरुत्वाकर्षणही त्याच नियमाने कमी होतं. म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी किती उजेड कोणत्या बाजूने येतो हे मोजायचं, तीच त्या ताऱ्यावरची ओढ समजायची, दिवे त्या हिशेबाने थोडे सरकवायचे, पुन्हा मोजायचं. जवळून गेलेल्या दीर्घिका एकमेकींना धरून ठेवू शकतात हे त्यांनी असं दाखवलं.

पुढे १९७२ मध्ये आलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर दाखवलं, की अशा भेटीतून दीर्घिकांना लांबलचक शेपट्या फुटतात आणि त्यांच्यात पूल तयार होतात. कारण भरती-ओहोटीचंच: पाहुण्या दीर्घिकेच्या जवळच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडच्या बाजूला कमी, त्यामुळे तबकडी ताणली जाते. यात एक बारकावा आहे, जो माझ्या कामात रोज उपयोगी पडतो. तबकडी ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने पाहुणी वळसा घालून गेली, तर कडेचे तारे बराच वेळ तिच्या सोबतीने जातात, तिची ओढ त्यांच्यावर साचत जाते आणि लांब शेपटी निघते. उलट दिशेने गेली तर दोघांची भेट इतकी धावती होते, की तबकडी किंचित विस्कटते आणि बस. तेव्हा ‘टक्कर झाल्यावर काय होतं’ याला एक उत्तर नाही. दोघींच्या वजनाचं प्रमाण काय, किती जवळून गेल्या, तबकड्या कशा कललेल्या होत्या, कोणत्या दिशेने फिरत होत्या, वायू किती होता, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. छोटी दीर्घिका मोठीत शिरली तर मोठीचं फारसं बिघडत नाही, छोटी मात्र तुकड्यातुकड्यांनी विरघळते. आपल्या आकाशगंगेत हे आजही चालू आहे: १९९४ मध्ये सापडलेली धनू बटू दीर्घिका ताणली जाऊन तिच्या ताऱ्यांचा पट्टा आकाशगंगेभोवती गुंडाळला गेला आहे. आपल्याला त्याचा काही त्रास झालेला नाही.

आता वायूकडे येते.

ताऱ्यांच्या मधल्या जागेत हायड्रोजनचे ढग असतात. हे ढग काही दहा ते काहीशे प्रकाशवर्षांचे असतात, म्हणजे ताऱ्यांसारखे टिंबाएवढे नव्हेत, तर जागा व्यापून असलेले. दोन तबकड्या एकमेकींतून जातात तेव्हा तारे सुटतात, ढग मात्र समोरासमोर येतात आणि खरंच आदळतात. याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा मला ‘टॅफी’ या जोडीत दिसतो. भाद्रपदा नक्षत्रांच्या चौकोनात, पूर्वेच्या कडेजवळ, यूजीसी १२९१४ आणि १२९१५ नावाच्या दोन दीर्घिका आहेत. काही कोटी वर्षांपूर्वी, अंतराळाच्या हिशेबाने अगदी काल-परवा, त्या जवळजवळ समोरासमोर एकमेकींतून गेल्या. साध्या प्रकाशातल्या छायाचित्रात दोन वेगवेगळ्या, जरा वाकड्या झालेल्या तबकड्या दिसतात आणि मधे जवळपास काळोख. तेच रेडिओ लहरींत पाहिलं की मधली जागा भरलेली दिसते. वायू आणि त्याच्यासोबतचं चुंबकीय क्षेत्र मधेच अडकून ताणलं गेलेलं आहे, टॅफी या चिवट गोळीसारखं, म्हणून ते नाव. तारे निघून गेले, वायू मागे राहिला. तुमच्या ‘आदळतं ते काय’ या प्रश्नाचं उत्तर या एका जोडीत आहे.

रोजच्या कामात हे कसं दिसतं तेही सांगते. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. वायू आपल्यापासून लांब जात असेल तर ती लांबी किंचित वाढते, जवळ येत असेल तर कमी होते. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी रात्रभर गोळा केलेला संकेत साफ केला, मोबाइल टॉवर आणि उपग्रहांची लुडबुड काढून टाकली, की हातात नकाशांची एक चळत येते. प्रत्येक नकाशा एका ठरावीक वेगाच्या हायड्रोजनचा. शांत दीर्घिकेची चळत चाळताना वायूचा ठिपका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीत सरकतो, कारण तबकडीची एक बाजू आपल्याकडे येत असते आणि दुसरी लांब जात असते. भेट झालेल्या दीर्घिकेत ही शिस्त मोडते. ठिपका मधेच फुटतो, एक तुकडा भलत्याच दिशेला रेंगाळत राहतो, आणि सगळे नकाशे एकावर एक ठेवले की छायाचित्रात जिथे काहीच नव्हतं तिथून एक लांब शेपटी निघालेली असते. सप्तर्षींजवळच्या एम-८१, एम-८२ आणि एनजीसी ३०७७ या तीन दीर्घिका साध्या दुर्बिणीतून पूर्ण वेगळ्या दिसतात. हायड्रोजनच्या नकाशात तिघी एकमेकींना बांधलेल्या आहेत. फक्त छायाचित्र बघून ‘इथे काही घडलं नाही’ असं मी कधीच म्हणत नाही, ते यामुळे.

आदळलेला वायू दाबला जातो, आपली ऊर्जा प्रारणातून गमावतो आणि बराचसा केंद्राकडे घसरतो. दाबलेल्या वायूतून तारे जन्मतात, तेही झपाट्याने. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे तारे तयार होतात. आर्प २२० या २५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या, विलीन होत असलेल्या जोडीत हा आकडा दोनशेच्या घरात आहे. हस्त नक्षत्रातल्या ‘अँटेना’ दीर्घिकांमध्ये कोवळ्या ताऱ्यांचे घट्ट पुंजके ठिकठिकाणी उजळलेले दिसतात. म्हणजे टकरीत जुने तारे मरत नाहीत, उलट नव्यांची पिढीच्या पिढी जन्माला येते. पण या पिढीतले जड तारे फार जगत नाहीत. तीसेक लाख ते काही कोटी वर्षांत ते सुपरनोव्हा होऊन फुटतात. ग्रहांच्या दृष्टीने धोका सुरू होतो तो इथे.

ग्रहांचं तुम्ही विचारलंत त्याचे दोन भाग पडतात: ग्रह ताऱ्यापासून सुटेल का, आणि सुटला नाही तरी त्याच्यावर काय गुदरेल?

सुटण्याचं आधी. एखादी दीर्घिका ग्रहाला ताऱ्यापासून तोडू शकते का, हे तिची ओढ किती मोठी आहे यावर ठरत नाही. ती सूर्याला आणि पृथ्वीला जवळजवळ सारखंच ओढते आणि दोघं एकत्र सरकतात. तोडायला लागतो तो दोघांवरच्या ओढीतला फरक, आणि आपल्या मघाच्या मापातल्या वीतभर अंतरात हा फरक नगण्य असतो. आपल्या आकाशगंगेचा आजचा फरक काढला आणि सूर्याच्या पृथ्वीवरच्या पकडीशी ताडून पाहिला, तर पकड एकावर सोळा शून्यं इतक्या पटींनी भारी ठरते. नेपच्यूनपाशीसुद्धा ती सुमारे एक लाख कोटी पट भारी आहे. विलीन होताना ओढीतला फरक शंभर पट वाढला तरी या आकड्यांना धक्का लागत नाही. म्हणून एखादा तारा शेपटीतून दीर्घिकेच्या बाहेर फेकला गेला तरी तो एकटा जात नाही, ग्रहांचं बिऱ्हाड घेऊन जातो. वर्षाची लांबी तीच, ऋतू तेच.

सैल असतं ते अगदी बाहेरचं. सूर्याभोवती दीडेक प्रकाशवर्षापर्यंत धूमकेतूंचा जो विरळ मेघ मानला जातो, त्याच्या कडेवर सूर्याची पकड मुळातच क्षीण आहे. तिथले धूमकेतू सुटतील, काही आत येतील. पण हे व्हायला टकरीची गरज नाही. सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी एक लहानसा तारा सूर्यापासून एका प्रकाशवर्षाहून कमी अंतरावरून गेला, आणि आणखी सुमारे १३ लाख वर्षांनी ग्लीझा ७१० हा तारा त्याहूनही खूप जवळून जाणार आहे.

उरतो तो तिसऱ्याच ताऱ्याचा धोका: पाहुणीतला एखादा तारा ग्रहमालेच्या जवळून गेला तर? इथे माझा युक्तिवाद असा आहे. सूर्याने गेल्या ४६० कोटी वर्षांत आकाशगंगेभोवती वीसेक फेऱ्या मारल्या, आणि तेवढ्या काळात कितीतरी तारे आजूबाजूने गेले. ग्रह जागेवर आहेत. टकरीत आसपासच्या ताऱ्यांची संख्या फार तर दुप्पट-तिप्पट होणार, तीही एका फेरीत पाचेक कोटी वर्षांपुरती. शिवाय पाहुणे तारे सेकंदाला काहीशे किलोमीटरने जातात, म्हणून ओढ लावायला त्यांना वेळच कमी मिळतो. वेगाने जाणारा तारा संथ ताऱ्यापेक्षा कमी नुकसान करतो, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, पण गणित तसंच आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर दीर्घिकेच्या मध्यम किंवा बाहेरच्या भागातल्या, वयाने प्रौढ ताऱ्याभोवतीच्या ग्रहाला टकरीपासून जवळपास काही होत नाही. ज्यांना होतं ते वेगळे.

पहिले केंद्राजवळचे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राच्या अगदी निकट तारे इतके दाटीने आहेत, की सूर्यापासून जवळच्या ताऱ्यापर्यंत जेवढी जागा मोकळी आहे तेवढ्यात तिथे लाखो तारे आहेत. विलीनीकरणात तारे आणि वायू दोन्ही केंद्राकडे ढकलले जातात. तिथे ग्रहांच्या कक्षा हलतात, काही ग्रह सुटतातही. महाकाय कृष्णविवराच्या फार जवळ गेलेला तारा अख्खा फाटू शकतो. ताराजन्माचा भर नुकताच ओसरला आहे अशा दीर्घिकांमध्ये, ज्यांतल्या बऱ्याच विलीनीकरणातून गेलेल्या असतात, अशा घटना प्रमाणाबाहेर जास्त आढळल्या आहेत. काही तारे कृष्णविवराजवळून भिरकावलेही जातात. २०१९ मध्ये सापडलेला असा एक तारा सेकंदाला १,७०० किलोमीटरहून अधिक वेगाने आकाशगंगा सोडून निघाला आहे.

दुसरे नवजात. ज्या घट्ट पुंजक्यांत तारे नव्याने जन्मतात, तिथे ग्रह अजून घडतच असतात. शेजारच्या जड ताऱ्यांचे अतिनील किरण कोवळ्या ताऱ्याभोवतीची धूळ-वायूची चकती उडवून लावतात. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात हे आपल्याला प्रत्यक्ष दिसतं, आणि तो तर शांत दीर्घिकेतला साधा तेजोमेघ आहे. आर्प २२० सारख्या ठिकाणी ग्रह जन्मण्याआधीच त्याचा कच्चा माल संपण्याची शक्यता मला मोठी वाटते.

तिसरे, जिथे जीवसृष्टी असेल असे. काही दहा प्रकाशवर्षांच्या आत सुपरनोव्हा झाला तर ग्रह जागचा हलणार नाही, पण त्याच्या वातावरणातल्या ओझोनचं नुकसान होऊ शकतं. ताराजन्माचा भर असलेल्या पट्ट्यात हा धोका कित्येक पटींनी वाढतो. दोन दीर्घिका एकमेकींवर येण्यातला खरा उपद्रव धडकेचा नसून शेजाराचा आहे, असं माझं मत आहे, आणि ताराभौतिकीतले माझे सहकारी याला सहसा हरकत घेत नाहीत.

हे सगळं नुसतं गणित नाही, याला प्रत्यक्ष आधार आहे. आपली आकाशगंगा सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी एका बऱ्याच मोठ्या दीर्घिकेला गिळून बसली आहे. २०१८ मध्ये ताऱ्यांच्या जागा आणि वेग मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांतून त्या दीर्घिकेचे तारे वेगळे ओळखता आले. आणि स्वरमंडळ तारकासमूहात केपलर-४४४ हा तारा आहे, वय सुमारे १,१२० कोटी वर्षं, आपल्यापासून ११७ प्रकाशवर्षांवर. म्हणजे ती उलथापालथ चालू होती तेव्हा तो इथेच, आकाशगंगेत असणार. त्याच्याभोवती पृथ्वीहून लहान पाच ग्रह आहेत आणि पाचही दहा दिवसांच्या आत एक फेरी पूर्ण करतात. कक्षा अजून इतक्या नेटक्या आहेत, की २०१५ मध्ये त्या मोजून प्रसिद्ध करता आल्या. ग्रह टिकतात का, असं कुणी विचारलं की मी हे उदाहरण देते.

आता आपलं स्वतःचं. देवयानी आपल्याकडे येते आहे हे व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये तिच्या वर्णपटावरून मोजलं. २०१२ मध्ये हबल दुर्बिणीने तिची आडवी सरकही मोजली. ती इतकी कमी निघाली, की सुमारे ४०० कोटी वर्षांनी जवळजवळ समोरासमोर गाठ पडणार असं सगळीकडे छापून आलं. तुमच्या मुलाने पाहिलेला व्हिडिओ बहुधा त्यावरच बेतलेला आहे. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या मॅगेलन मेघाची, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेची, आणि त्रिकोण तारकासमूहातल्या एम-३३ दीर्घिकेची ओढही हिशेबात घेतली, मोजमापांतली अनिश्चितताही धरली, तेव्हा पुढच्या हजार कोटी वर्षांत आकाशगंगा आणि देवयानी एक होण्याची शक्यता साधारण निम्मीच निघाली. मोठा मॅगेलन मेघ मात्र त्याच्या खूप आधी, दोनेकशे कोटी वर्षांत, आपल्यात मिसळेल असं दिसतं. ‘देवयानी आदळणारच’ असं ठामपणे सांगणं आज बरोबर नाही.

आणि गाठ पडलीच, तरी तोवर पृथ्वीचा प्रश्न सूर्यानेच निकालात काढलेला असेल. सूर्य दर शंभर कोटी वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी प्रखर होतो आहे. शंभरेक कोटी वर्षांनी समुद्र टिकणार नाहीत आणि ५०० कोटींच्या आसपास सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. विलीनीकरण लांबलं, तर त्यात भाग घ्यायला सूर्य नावाचा एक श्वेतबटू, म्हणजे विझत चाललेला ताऱ्याचा छोटा गाभा, उरलेला असेल. आज तो केंद्रापासून २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. नव्या दीर्घिकेत तो बहुधा आणखी बाहेर ढकलला जाईल. पहिल्याच फेरीत तो एखाद्या शेपटीत फेकला जाण्याची शक्यता २००७ च्या एका अभ्यासात १२ टक्क्यांच्या आसपास आली होती.

मला हळहळ वाटते ती तबकडीची. एवढे तारे एका पातळ प्रतलात, एकाच दिशेने, इतकी अब्जावधी वर्षं फिरत राहणं ही साधी गोष्ट नाही. ती नाजूक आहे आणि एकदा विस्कटली की पूर्वीसारखी सहसा बसत नाही. आकाशात दुधाळ पट्टा दिसतो तो या तबकडीमुळे. गोलाकार दीर्घिकेतल्या ग्रहावरून तसा पट्टा दिसणार नाही.

कृष्णविवरांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुण्याशी संबंध आहे म्हणून एवढंच सांगते: दीर्घिका एक झाल्या की त्यांची महाकाय कृष्णविवरंही एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि अतिशय मंद गुरुत्वीय लहरी सोडतात. अशा लहरींच्या एकत्रित गुणगुणण्याची चिन्हं जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी जाहीर केली. त्यात युरोपीय गटासोबत भारतीय गटही होता आणि त्याची निरीक्षणं जीएमआरटीची होती. ग्रहांना या लहरींपासून काही होत नाही.

मुलाला काय सांगायचं? सूर्य फुटणार नाही, पृथ्वी सुटणार नाही, आणि देवयानी येईल की नाही हेच अजून नक्की नाही, एवढं सरळ सांगा. मग त्याला ती दाखवा. ऑक्टोबर ते जानेवारीत संध्याकाळनंतर ती उत्तरेला चांगली उंचावर असते. शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना मिळणार नाही. वेल्हे किंवा मुळशीच्या पलीकडे अमावास्येच्या आसपास जा आणि साधी द्विनेत्री न्या. मार्च-एप्रिलमध्ये कुणाकडे चांगली दुर्बीण असेल तर एम-५१ ही दीर्घिका दाखवायला सांगा, तिच्या शेजारी चिकटलेली दुसरी दीर्घिका दिसते. भेट चालू असलेली जोडी बघायला यापेक्षा सोपी जागा नाही. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली करतात. त्याला घेऊन या आणि हे सगळे प्रश्न त्यालाच विचारू द्या.